कॅन्टन, १८३९: वीस हजार पेट्या अफू नक्की कुणाची होती?

पार्श्वभूमी

हे प्रकरण मार्च ते जून १८३९ या चार महिन्यांचं आहे आणि जागा एकच, दक्षिण चीनमधलं कॅन्टन बंदर, म्हणजे आजचं ग्वांगझू. पहिलं अफू युद्ध म्हटलं की आपल्याला तोफा, हाँगकाँग आणि तह एवढंच आठवतं, पण युद्ध सुरू व्हायच्या आधी या बंदरात काही आठवडे असे गेले की त्यात दोन-तीन माणसांनी घेतलेले निर्णय पुढे सगळ्यांच्या गळ्यात पडले. मला तेच नीट उलगडून बघायचेत. मोठ्या पदावरच्या लोकांची नावं घेतलीयेत, बाकीचे दलाल, कप्तान, नोकर, कैदी बहुतेक नावाशिवायच ठेवलेत.

आधी बंदर कसं चालायचं ते सांगतो. १७५७ पासून चीनच्या बादशहाने युरोपियन लोकांचा सागरी व्यापार फक्त कॅन्टनपुरता ठेवला होता. जहाज आधी मकाऊला यायचं, तिथे वाटाड्या घ्यायचं, मग नदीच्या मुखाशी असलेल्या हुमेनच्या खिंडीतून आत शिरून व्हाम्पोआला नांगर टाकायचं, आणि तिथून पुढे माल लहान होड्यांनी कॅन्टनला. शहराच्या तटाच्या आत गोऱ्यांना प्रवेश नाही. तटाबाहेर नदीकाठी जेमतेम तीनेकशे मीटरच्या पट्ट्यात तेरा वखारी होत्या, तिथेच राहायचं, तेही व्यापाराचा हंगाम असेपर्यंत, हंगाम संपला की परत मकाऊला. बायका आणायच्या नाहीत. चिनी सरकारशी थेट बोलायचं नाही, काही म्हणायचं असेल तर ते हाँग व्यापाऱ्यांमार्फत. हे हाँग व्यापारी म्हणजे सरकारने परवाना दिलेले मोजके चिनी व्यापारी, आणि परदेशी माणसाने काही भानगड केली तर जबाबदार हेच. त्यांचा म्होरक्या हौक्वा, वय सत्तरच्या घरात, १८३४ साली त्याची संपत्ती २ कोटी ६० लाख डॉलर मोजली गेली होती, त्या काळी जगातल्या सगळ्यात श्रीमंत व्यापाऱ्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं.

आता माल. इंग्रजांना चहा हवा होता, प्रचंड हवा होता, चहावरच्या करातून ब्रिटिश सरकारच्या उत्पन्नाचा साधारण दहावा हिस्सा यायचा. पण चिन्यांना इंग्रजांकडचं फारसं काही नको होतं, त्यांना चांदी द्यावी लागायची. मुंबईचा कापूस जायचा, तेवढ्याने भागत नव्हतं. मग अफूने ते भागवलं. बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनी कलकत्त्यात लिलावाने विकायची आणि खासगी व्यापारी ती चीनला न्यायचे, म्हणजे कंपनीच्या जहाजावर अफू नाही आणि कंपनीचे हात वरवर स्वच्छ.

दुसरी अफू माळव्याची, आणि इथे आपला थेट संबंध येतो. माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख, उज्जैन, इंदूर, तिथली अफू कंपनीच्या मक्तेदारीत नव्हती. कंपनीने आधी ती दाबायचा प्रयत्न केला, पण माल दमणमार्गे, सिंधमार्गे निसटायला लागला, मग शेवटी पास देऊन, त्यावर फी घेऊन मुंबईतून जाऊ द्यायला सुरुवात केली. मुंबईतले पारशी, गुजराती, मारवाडी, कोकणी मुसलमान असे सगळे या धंद्यात होते. सगळ्यात मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय, स्वतः तरुणपणी चीनच्या कित्येक खेपा केलेले, आणि कॅन्टनमधल्या जार्डिन मॅथेसन पेढीचे मुंबईतले मोठे भागीदार-अडत्ये. जेजे हॉस्पिटल, जेजे आर्ट स्कूल ही त्यांचीच नावं. कॅन्टनच्या वखारीत पारशी इतके असायचे की चिन्यांनी त्यांच्या पांढऱ्या पागोट्यावरून त्यांना ‘पांढऱ्या डोक्याचे परदेशी’ असं नावच पाडलं होतं.

बंगालची एक पेटी जवळून बघितली की हा धंदा किती नीटनेटका होता ते कळतं. आंब्याच्या लाकडाची पेटी, आत दोन थर, एकेका थरात २० खण, प्रत्येक खणात एक गोळा, म्हणजे ४० गोळे, आणि प्रत्येक गोळ्याला अफूच्याच फुलांच्या पाकळ्यांचं कवच. वजन साधारण ६३-६४ किलो. चीनमध्ये १७२९ पासून अफूच्या विक्रीवर बंदी होती आणि १८०० च्या आसपास आयातीवरही, पण १८२० नंतर नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ जुनी जहाजं गोदामासारखी कायमची उभी केलेली असायची, पैसे कॅन्टनमध्ये भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि माल लिंटिनला उचलायचा. उचलणाऱ्या चिनी होड्यांना ‘धावते खेकडे’ म्हणायचे, दोन्ही बाजूंनी वल्ह्यांची रांगच रांग. वाटेतले अधिकारी आपापला वाटा घेऊन गप्प.

अडचण काय झाली

१८३४ मध्ये कंपनीची चीन व्यापारातली मक्तेदारी संपली आणि जो तो अफू घेऊन निघाला. शतकाच्या सुरुवातीला वर्षाला चारेक हजार पेट्या जायच्या, १८३८ पर्यंत हा आकडा ४० हजारांच्या आसपास गेला.

व्यसन हा एक भाग झाला, पण बीजिंगच्या दरबाराला झोप येईनाशी झाली ती चांदीमुळे. पूर्वी चीनमध्ये चांदी यायची, आता जायला लागली. शेतकऱ्याची कमाई तांब्याच्या नाण्यात आणि सारा भरायचा चांदीच्या हिशोबाने, पूर्वी एक ताएल (चांदी मोजायचं चिनी वजन) चांदीला हजार तांब्याची नाणी लागायची, आता १६०० च्या आसपास लागायला लागली. म्हणजे ज्या गावातल्या माणसाने आयुष्यात अफू बघितलीही नसेल त्याचाही सारा न वाढवताच दीडपट झाला. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण यामुळे प्रश्न फक्त नशेबाजांचा उरला नाही.

समोर कुठले पर्याय होते

दरबारात यावर खरंच कसून चर्चा झाली, आणि ती वाचताना आजच्या दारूबंदीच्या वादाची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

१८३६ मध्ये श्यू नाइजी नावाच्या अधिकाऱ्याने सरळ सांगितलं की बंदी चालत नाहीये, बंदीमुळे फक्त लाच वाढते, तेव्हा अफू कायदेशीर करा, जकात लावा, व्यवहार चांदीत नको तर मालाच्या बदल्यात करा, आणि अधिकारी-सैनिकांना मात्र सक्त मनाई ठेवा. कॅन्टनचा गव्हर्नर जनरल डंग टिंगझेन याला हे सुरुवातीला पटलं होतं. वखारीतल्या व्यापाऱ्यांना तर वाटलं की झालंच आता काम. पण विरोध जोरात झाला आणि तो प्रस्ताव बारगळला.

१८३८ मध्ये हुआंग ज्युएझी याने दुसरं टोक मांडलं. पिणाऱ्यालाच धरा, वर्षभराची मुदत द्या आणि तरी सुटली नाही तर देहदंड. त्याचं म्हणणं असं की गिऱ्हाईक नाही तर माल कोण आणेल. दाओग्वांग बादशहाने हे सगळ्या प्रांतांच्या प्रमुखांकडे मत मागायला पाठवलं. बहुतेकांनी विरोध केला, म्हणाले इतक्या लोकांना मारणार कसं, त्यापेक्षा बंदरावर लक्ष द्या, विकणाऱ्यांना धरा. पाठिंबा देणारे थोडे होते, त्यातला एक लिन झेश्यू.

तिसरा पर्याय तोवर कॅन्टनमध्ये चालूच होता, तो म्हणजे फक्त चिनी दलालांवर कारवाई. आधी कायदेशीर करा म्हणणाऱ्या डंगनेच १८३७-३८ मध्ये धावते खेकडे जाळले, माणसं तुरुंगात टाकली, आणि परिणामही दिसत होता, लिंटिनला माल पडून राहायला लागला होता. १२ डिसेंबर १८३८ ला त्याने एका अफूविक्या चिनी माणसाला वखारींच्या समोरच्या मैदानात फाशी द्यायची तयारी केली, म्हणजे गोऱ्यांना दिसू दे. गोरे बाहेर आले, खांब पाडले, काठ्या चालवल्या, मग हजारोंचा चिनी जमाव चिडला आणि वखारींवर दगड पडले. त्या दिवशी मैदान सोडून दुसरीकडे फाशी दिली. फेब्रुवारीत मात्र दुसऱ्या एकाला त्याच मैदानात फाशी देऊन दाखवली.

चौथा पर्याय म्हणजे परदेशी माणसालाच धरायचं. आत्तापर्यंत हे कुणी केलं नव्हतं, आणि लिनने तेच केलं.

लिन येतो

लिन झेश्यू मूळचा फूजियानचा, हुशार, हात स्वच्छ, आणि आपल्या आधीच्या प्रांतात त्याने अफूच्या नळ्या जप्त करून, व्यसन सुटायचं औषध वाटून काम करून दाखवलं होतं. बादशहाने त्याला बीजिंगला बोलावून घेतलं, कित्येक दिवस रोज भेट दिली आणि ३१ डिसेंबर १८३८ ला खास शाही आयुक्त नेमलं. १० मार्च १८३९ ला तो कॅन्टनला पोचला.

आधी त्याने घर साफ करायला घेतलं, आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. शहरातल्या सहाशेवर विद्यार्थ्यांना परीक्षेच्या नावाखाली बोलावलं, नेहमीचे प्रश्न दिले आणि सोबत विचारलं की शहरात अफूचे मोठे विक्रेते कोण, अधिकारी कसे सामील आहेत आणि हे थांबवायचं कसं, उत्तरावर नाव घालायची गरज नाही. आजच्या भाषेत म्हणायचं तर निनावी सर्व्हे. काही महिन्यांत हजारावर माणसं पकडली गेली, हजारो नळ्या जप्त झाल्या.

१८ मार्चला त्याने वखारींकडे मोर्चा वळवला. हाँग व्यापाऱ्यांना समोर गुडघ्यावर बसवून फैलावर घेतलं आणि परदेशी लोकांसाठी हुकूम दिला, तीन दिवसांत सगळी अफू सोपवा आणि हमीपत्र लिहून द्या की यापुढे आमच्या जहाजावर अफू सापडली तर माल जप्त आणि आणणाऱ्याला देहदंड. व्यापाऱ्यांनी बैठका घेतल्या, टाळाटाळ केली, शेवटी हाँगवाल्यांचा जीव वाचवायला म्हणून हजारभर पेट्या द्यायला तयार झाले. लिनला माहीत होतं की माल वीस हजारांच्या घरात आहे, त्याने नाही म्हटलं. मग त्याने लॅन्सलॉट डेंट या बड्या इंग्रज व्यापाऱ्याला हजर करा म्हणून सांगितलं. डेंट येईना. २३ मार्चला हौक्वा आणि त्याचा एक साथीदार गळ्यात लोखंडी साखळ्या अडकवून वखारीत आले आणि विनवायला लागले की तुम्ही आला नाहीत तर आमची मुंडकी जातील. कल्पना करा, कोट्यवधींचा मालक, सत्तरीचा म्हातारा, गळ्यात साखळी, आणि समोर त्याच्याशी तीस-तीस वर्षं धंदा केलेले लोक.

पहिलं वळण: २४ मार्च

ब्रिटिश सरकारचा व्यापार अधीक्षक कॅप्टन चार्ल्स इलियट तेव्हा मकाऊला होता. बातमी कळताच तो निघाला, २४ मार्चला संध्याकाळी वखारीत घुसला, झेंडा चढवला आणि डेंटला आपल्या संरक्षणात घेतलं. लिनला वाटलं हा गुन्हेगाराला पळवायला आलाय. त्याच रात्री त्याने व्यापार बंद केला, वखारींमधले सगळे चिनी नोकर, आचारी, हमाल बाहेर काढले, मागच्या वाटा बंद केल्या, नदीत होड्यांच्या एकामागे एक तीन रांगा लावल्या. साडेतीनशेच्या आसपास परदेशी आत अडकले, इंग्रज, अमेरिकन, पारशी सगळे.

तसे हाल म्हणावे असे फार झाले नाहीत. पाणी, अन्न गुपचूप येत होतं, हाँगवाल्यांची माणसं रात्री आणून द्यायची. पण ज्यांनी कधी स्वतःचा चहाही केला नव्हता ते भांडी घासायला लागले, एका अमेरिकन पेढीच्या मालकाने भात लावला तर त्याची खळ झाली. रात्रभर पहारेकऱ्यांच्या घंटा आणि शिंगं, झोप नाही.

आता इथे थांबून बघा लिनच्या हातून काय झालं. त्याच्या दृष्टीने वखारीतले सगळे एकच, परदेशी व्यापारी आणि त्यांचा मुकादम. इलियट हा व्यापारी नाही, दुसऱ्या राज्याचा अधिकारी आहे, त्याला कोंडणं म्हणजे वेगळंच प्रकरण होईल, हा विचार कॅन्टनच्या जुन्या पद्धतीत बसतच नव्हता, कारण त्या पद्धतीत परदेशी सरकार नावाची गोष्टच नव्हती, होते ते फक्त हंगामी पाहुणे. शिवाय त्याने सरसकट सगळ्यांना कोंडलं. तिथे एक अमेरिकन पेढी अशी होती की जिने कधीच अफूला हात लावला नव्हता, तीही आत. दोषी-निर्दोष वेगळे काढले असते तर आतल्या लोकांमध्ये फूट पडली असती, उलट कोंडल्यामुळे सगळे एक झाले.

दुसरं वळण: २७ मार्च, आणि मालकी बदलली

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात मोठी घटना ही आहे, आणि ती एका कागदावर घडली.

२७ मार्चला सकाळी इलियटने जाहीर केलं की सगळ्या ब्रिटिश प्रजेने आपल्याकडची अफू ब्रिटिश सरकारच्या वतीने माझ्या ताब्यात द्यावी, तिच्या किमतीला ब्रिटिश सरकार जबाबदार राहील. इलियट स्वतः अफूच्या धंद्याच्या विरोधात होता, त्याला ही कोंडी फोडायची होती, माणसं सुखरूप बाहेर काढायची होती, हेतू वाईट नव्हता. पण त्याने काय केलं बघा. काल रात्रीपर्यंत ती चोरटा माल होती, चीनच्या कायद्याने जप्त व्हायला योग्य, आणि तिचं नुकसान झालं असतं तर ते धंद्यातलं नुकसान म्हणून व्यापाऱ्याने गिळलं असतं. सकाळी तीच अफू इंग्लंडच्या राणीची मालमत्ता झाली.

व्यापाऱ्यांनी तर उड्या मारल्या असतील, कारण डंगच्या कारवाईने आधीच बाजार पडला होता, माल गोदामजहाजांवर सडत होता, गिऱ्हाईक नव्हतं, आणि अचानक सरकारच गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलं. इलियटने आकडा दिला २०,२८३ पेट्या, आणि एवढा माल तेव्हा जवळपास नव्हताही, किनाऱ्यावर लांब गेलेली जहाजं परत बोलावून तो पुरा करावा लागला.

आणि मुंबईतले मालक? कॅन्टनमधल्या पेढ्या मोठ्या प्रमाणात अडत्याचं काम करायच्या, माल दुसऱ्याचा, विकायची जबाबदारी यांची, कमिशन यांचं. त्या वीस हजार पेट्यांत मुंबईतून गेलेला माळव्याचा मालही भरपूर होता. म्हणजे माल सोपवायचा निर्णय अडत्याने घेतला आणि मालकाला तो कळला कित्येक आठवड्यांनी, जहाज पोचलं तेव्हा. हातात काय, तर इलियटच्या सहीची पावती. पैसे कोण देणार, कधी देणार, किती देणार, काही नाही. इलियटला असं वचन द्यायचा अधिकार त्याच्या सरकारने दिलेलाच नव्हता.

अफूचं काय केलं

पेट्या सोपवायला मे उजाडला. मेच्या शेवटी इलियट आणि बाकीचे इंग्रज कॅन्टन सोडून गेले. हुमेनला किनाऱ्याजवळ मोठे हौद खणले, तळाला दगड, बाजूला लाकडी फळ्या, कडेने कुंपण. अफू नुसती जाळली तर जमिनीत मुरते आणि लोक माती खणून ती परत मिळवतात, हे लिनला माहीत होतं. म्हणून हौदात पाणी सोडायचं, मीठ टाकायचं, गोळे फोडून भिजत घालायचे, मग चुना टाकायचा, चुना उकळायला लागला की मजुरांनी फळ्यांवर उभं राहून फावड्यांनी ढवळत राहायचं, आणि ओहोटी लागली की दार उघडून सगळा रबडा समुद्रात. ३ जूनला सुरुवात झाली, काम संपायला तीन आठवडे लागले, पाचेकशे मजूर आणि त्यांच्यावर साठेक अधिकारी. एकूण माल बारा लाख किलोच्या पुढे.

सुरुवात करण्याआधी लिनने समुद्रदेवतेसाठी प्रार्थना लिहिली, पाण्यात घाण सोडतोय त्याबद्दल माफी मागितली आणि जलचरांना काही दिवस दूर जायला सांग अशी विनंती केली. जूनच्या मध्यावर एक अमेरिकन मिशनरी आणि त्या अफू न विकणाऱ्या पेढीचा मालक हे बघायला गेले. चोरी होणार, थोडा माल बाजूला काढणार अशी वखारीत कुजबुज होती, पण या दोघांनी डोळ्यांनी बघितलं की काम चोख चाललंय, अगदी काटेकोर.

काय झालं पुढे

लिनला हमीपत्र हवंच होतं, इलियट देईना, कारण त्यात देहदंड होता. जुलैत कौलूनला दारू प्यायलेल्या खलाशांच्या मारामारीत एक चिनी गावकरी मेला, इलियटने खलाशी सोपवायला नकार दिला, लिनने मकाऊची रसद तोडली, इंग्रज बायकापोरांसकट हाँगकाँगसमोर जहाजांवर जाऊन राहिले. सप्टेंबरात पहिला गोळीबार झाला, नोव्हेंबरात दुसरा.

लंडनमध्ये प्रश्न अगदी साधा झाला होता, इलियटच्या सहीचे पैसे कोण भरणार. ब्रिटिश तिजोरीला द्यायचे नव्हते. मग ते चीनकडून वसूल करायचे, आणि सोबत राणीच्या अधिकाऱ्याला कोंडल्याची भरपाई. एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटात सरकारविरुद्धचा ठराव २६२ विरुद्ध २७१ असा फक्त नऊ मतांनी पडला. आरमार आलं, हिंदुस्थानी पलटणी घेऊन आलं. लिनने कॅन्टनचे किल्ले मजबूत केले होते, तोफा विकत घेतल्या होत्या, पण आरमाराने नदीच्या तोंडाशी नाकेबंदी ठेवली आणि बाकीचं सरळ उत्तरेला गेलं, झौशान बेट घेतलं, ऑगस्टमध्ये तिआनजिनजवळ, म्हणजे बीजिंगच्या दारात. बादशहा घाबरला, लिनला काढून टाकलं आणि पुढे पार शिनजियांगमधल्या इलीला हद्दपार केलं. मे १८४१ मध्ये कॅन्टन शहराने हल्ला टाळायला ६० लाख डॉलरची खंडणी दिली, त्यात हौक्वाच्या खिशातून गेलेला वाटा फार मोठा होता. १८४३ मध्ये तो वारला.

२९ ऑगस्ट १८४२ ला नानजिंगचा तह झाला तो कॉर्नवॉलिस या युद्धनौकेवर. ही नौका मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली, वाडियांच्या हाताखाली, १८१३ साली पाण्यात सोडलेली. तहात एकूण २ कोटी १० लाख डॉलर, त्यातले ६० लाख त्या बुडवलेल्या अफूचे. हिशोब केला तर पेटीमागे तीनशे डॉलरला थोडे कमी. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली, हाँग व्यापाऱ्यांची पद्धत संपली. आणि ज्यावरून हे सगळं झालं त्या अफूच्या व्यापाराबद्दल तहात एक शब्द नाही, ती बेकायदाच राहिली आणि येतच राहिली, १८५८ मध्ये जकात लावून कायदेशीर झाली, म्हणजे श्यू नाइजीने बावीस वर्षांपूर्वी सुचवलेलंच, फक्त मधे दोन युद्धं घालून.

जमशेटजींना त्याच १८४२ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, तो मिळवणारे ते पहिले हिंदुस्थानी. पावत्या धरून बसलेल्या व्यापाऱ्यांना पैसे मिळायला चारेक वर्षं लागली आणि मागितले होते त्यापेक्षा बरेच कमी मिळाले. मोठ्या पेढ्यांनी कळ काढली, लहान माणसाला चार वर्षं भांडवल अडकणं म्हणजे काय हे धंद्यातल्या कुणालाही विचारा.

कॅन्टनचं स्वतःचं नुकसान तर वेगळंच. ८५ वर्षं जो व्यापार फक्त इथूनच व्हायचा तो आता शांघायला जायला लागला, कारण चहा आणि रेशीम पिकणारा मुलूख शांघायला जवळ. १८५६ मध्ये दुसऱ्या अफू युद्धाच्या सुरुवातीला त्या तेरा वखारी जळून गेल्या, पुढची काही वर्षं शहर इंग्रज-फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होतं.

काय वेगळं करता आलं असतं

लिनवर दोष टाकून मोकळं व्हायचं मला पटत नाही. तो आळशी नव्हता, त्याने भाषांतराचं कार्यालयच उभं केलं होतं, इंग्रजी वर्तमानपत्रं भाषांतरित करून घ्यायचा, कॅन्टनमधल्या अमेरिकन डॉक्टर पीटर पार्करकडून राष्ट्राराष्ट्रांमधल्या कायद्याच्या पुस्तकातले उतारे करून घेतले होते. याच डॉक्टरच्या रजिस्टरमध्ये केस नंबर ६५६५ म्हणून लिनच्या हर्नियाची नोंद आहे, लिन स्वतः कधी गेला नाही, डॉक्टरने पट्टा पाठवून दिला. इतका जिज्ञासू माणूस होता, तरी काही समजुती चुकीच्याच राहिल्या. त्याला खरंच वाटायचं की चहा आणि रेवंदचिनी मिळाली नाही तर इंग्रजांचं पोट साफ होणार नाही आणि ते शरण येतील. त्याला वाटायचं की इंग्लंडात अफूवर बंदी आहे, प्रत्यक्षात तिथे दुकानात कुणीही विकत घेऊ शकत होतं.

माझ्या मते त्याच्याकडे दोन जागा होत्या जिथे तो वेगळं करू शकला असता. एक, इलियट वखारीत शिरला त्या रात्री त्याला बाहेर जायची वाट मोकळी ठेवायला हवी होती, म्हणजे कोंडलेले सगळे खासगी व्यापारी राहिले असते आणि त्यांचं नुकसान त्यांचंच राहिलं असतं. दोन, डंगची पद्धत अजून वर्ष-दोन वर्षं चालवायला हवी होती. बाजार पडलाच होता. मुंबईत किंमत कोसळली असती तर माळव्यातून माल कमी निघाला असता, हे धंद्याचं साधं गणित. पण बादशहाला निकाल लवकर हवा होता आणि लिनलाही.

इलियटच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. त्याला फक्त माणसं सोडवायची होती, तर व्यापाऱ्यांना ‘आपापला माल आपापल्या जबाबदारीवर द्या’ एवढं सांगून भागलं असतं.

आणि हमीपत्राचं काय, ते अशक्य होतं का? ऑक्टोबर १८३९ मध्ये एका इंग्रज जहाजाच्या कप्तानाने इलियटचं न ऐकता हमीपत्रावर सही केली. त्याच्याकडे अफू नव्हतीच. त्याला आत सोडलं, व्यापार झाला, माल विकला, माल भरला. पुढच्या महिन्यात दुसरं एक जहाज सही करून आत यायला निघालं तेव्हा त्याला अडवायला गोळा टाकला तो ब्रिटिश आरमाराने, आणि त्यातूनच हुमेनजवळच्या चुएनपीची लढाई झाली.

त्या पहिल्या कप्तानाच्या हातात लिनने एक पत्र दिलं होतं, राणी व्हिक्टोरियासाठी. त्यात विचारलं होतं की जी वस्तू तुमच्या देशात माणसाला अपाय करते म्हणून तुम्ही चालू देत नाही ती दुसऱ्याच्या देशात का पाठवता, आणि विनंती केली होती की तुमच्या ताब्यातल्या हिंदुस्थानातलं अफूचं पीक उपटून तिथे धान्य लावा. कप्तानाने ते जपून लंडनला नेलं, जून १८४० मध्ये परराष्ट्र खात्याकडे भेट मागितली. खात्याने भेटायला नकार दिला. त्या महिन्यात आरमार कॅन्टनच्या समोर पोचलेलं होतं.